डॉक्ट्रिन शिकायचं तर आधी कोर्स की आधी लढाई?

भुईकोट:
सोलापुरात लष्करी अभ्यासगट सुरू होतोय. बेत असा की तीन महिने ऑनलाइन कोर्स, मग लढाया. माझ्या मते क्रम उलटा हवा. डॉक्ट्रिन, म्हणजे सैन्याने कसं लढायचं याची ठरवलेली चौकट, हा बहुतेक वेळा मागच्या फसगतीवरचा उतारा असतो. डिसेंबर २००१ला ऑपरेशन पराक्रम, म्हणजे पाकिस्तान सीमेवर फौजेची जमवाजमव, सुरू झालं, तेव्हा आपल्या स्ट्राइक कोअरना (चढाईच्या मोठ्या फौजांना) सीमेवर पोचायला जवळपास तीन आठवडे लागले, तोवर बाहेरून दबाव वाढला. २००४ची कोल्ड स्टार्टची कल्पना, म्हणजे लांबलचक जमवाजमव न करता झटपट चढाई, त्या तीन आठवड्यांशिवाय कळतच नाही. दुखणं माहीत नाही आणि औषधांची नावं पाठ!

सातरस्ता:
नाही पटलं. रसद, वेळ, अंतर असे विचाराचे कप्पे डोक्यात नसले की लढाईची नुसती गोष्ट होते. पालखेड घ्या, फेब्रुवारी १७२८. बहुतेक जण ‘बाजीरावाचा वेग’ म्हणतात आणि थांबतात. निजामाचा जड तोफखाना मागे राहिला आणि फौज पाण्यावाचून कोंडली, याचा हिशोब कोण मांडतो? घोड्याला दिवसाला २५-३० लिटर पाणी लागतं. दहा हजार घोडी धरली तर अडीच-तीन लाख लिटर. आपल्या भाषेत, दहा हजार लिटरचे २५-३० टँकर, रोज. माणसं आणि तोफांचे बैल वेगळेच.

भुईकोट:
टँकरचा हिशोब सोलापूरकराला कोर्स कशाला शिकवेल? कोर्सच्या शेवटी चार पर्यायांतून एक निवडायचा असतो. रणांगणावर पर्याय छापून येत नाहीत.

हिप्परगा:
भांडण क्रमाचं नाहीच. निकाल आधी माहीत असतो, तिथे सगळं बिघडतं. असई, २३ सप्टेंबर १८०३, इंग्रज सेनापती वेलस्ली विरुद्ध मराठे. सगळ्यांना एवढंच द्या: मदतीची स्टीव्हन्सनची इंग्रज फौज आज येत नाही, शिंद्यांचं सैन्य केळणा नदीपलीकडे, वाटाडे म्हणतात जवळ उतार (नदी ओलांडण्याजोगी उथळ जागा) नाही, पण दोन्ही काठांवर समोरासमोर गावं दिसताहेत. वीस मिनिटांत हुकूम लिहा: परिस्थिती, उद्दिष्ट, अंमलबजावणी, रसद, संपर्क. अंमलबजावणीवर दोन पानं निघतात आणि रसदीखाली ‘पुरेशी ठेवावी’ असतं, हे ठरलेलं.
मगच पुढचं वाचा. समोरासमोर गावं म्हणजे उतार असणारच, हा वेलस्लीचा अंदाज खरा ठरला. पण शिंद्यांच्या पलटणींनी झटकन मोर्चा फिरवला, आणि वेलस्लीची उजव्या टोकाची तुकडी भरकटून थेट असई गावावर गेली. मागून त्याचीच ७४वी पलटण गेली आणि भाजून निघाली. इंग्रजांचे मृत-जखमी पंधराशेवर. नुसतं ‘धाडस जिंकतं’ शिकवणाऱ्यांनी हा आकडा फळ्यावर लिहावा.

सातरस्ता:
पद्धत मान्य. पण तो पाच मथळ्यांचा साचा कोर्समधूनच येतो की! शिवाय वेळ-अंतराचं गणित. शंभर गाड्या, मध्ये ५० मीटर, म्हणजे रांग ५ किलोमीटरची. ताशी २० च्या वेगाने शेपूट १५ मिनिटांनी पोचतं. नकाशावर एकच बाण काढणाऱ्याला हे कधी दिसत नाही. एक सावधगिरी: मोबाइलवरचा नकाशा आजचा. १८०३च्या लढाईला आजचा पूल वापरणारे असतातच.

भुईकोट:
बरं, साचा दोन रविवारांत शिकवू, तीन महिने नकोत. तिसऱ्या रविवारी मे १८१८चं सोलापूर: इंग्रज सेनापती मन्रोने आधी पेठ (किल्ल्याबाहेरची वस्ती) घेतली, किल्ला नंतर पडला. तलावाची बाजू सोडून कुठून चढाल, ते तटाभोवती फिरूनच लिहायचं.

हिप्परगा:
चालेल. सकाळी सातला, मेचं ऊन आहे. आणि कोर्सची फी तोवर भरू नका.