तळ्यात जाळं टाकण्याआधी चारा कोणता आणि कसा घालावा? (संगमेश्वर तालुका)

कातळवाडीकर:
नमस्कार मंडळी. आमच्या वाडीने गावच्या पाझर तलावाचा रीतसर ठेका घेऊन दोन पावसाळ्यांपूर्वी कटला, रोहू आणि मृगळची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली होती. मासा चांगला वाढलाय, संध्याकाळी उसळ्या मारताना दिसतो. पण पाग (हाताने फेकायचं जाळं) मारला की येते ती बोटभर चिलापी, आणि कांडाळ (पाण्यात उभं लावून ठेवायचं जाळं) लावली तर सकाळी जवळजवळ रिकामी. शिमग्यानंतर पाणी उतरेल तेव्हा माल काढायचा आहे. चारा टाकून मासा एका जागी आणता येईल का? कोणता चारा, किती, कधी? गावातले एक काका गेळफळं (माशांना विषारी असणारी रानफळं) ठेचून टाका म्हणतात. तलावावर गुरं पाणी पितात, म्हणून मन तयार होत नाही.

पागेरवालो:
पागेराक चारो बरो चलता. पण चारो टाकलो नि लगेच पागेर मारलो, तसा नाय. आधी थोडे दिस रोज एकाच वेळेक, एकाच जाग्यार चारो घालूचो, नि पागेर घरात ठेवूचो. माशांका जाग्याची सवय लागाक होयी. जागा कंबरभर पाण्यातली, सपाट तळाची बघा. तळ आधी पायान चाचपा. खुंट नायतर कातळाची धार आसली तर पागेर फाटतलो. मारतल्या दिवशी चारो निम्मोच घाला, पोट भरलेलो मासो थय थांबना नाय.

तळेकरीण:
वरचा सल्ला अगदी बरोबर आहे. त्यात चाऱ्याबद्दल भर घालते, कारण तुमचे तिन्ही मासे एका जागी जेवत नाहीत.

कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं. तो वरच्या थरात पाण्यातले बारीक जीव खातो. रोहू मधल्या थरात फिरतो, मृगळ तळाशी चरतो. तुम्ही पिठाचे जड गोळे टाकलेत तर मृगळ येईल, कटला फारसा फिरकणार नाही. कटल्यासाठी भाताचा बारीक कोंडा चाळून कोरडाच पाण्यावर भुरभुरवा, वारा ज्या काठाकडे वाहतो त्या बाजूला, म्हणजे तो तळ्याच्या मधे वाहून जाणार नाही.

रोहू-मृगळसाठी शेंगदाण्याची पेंड रात्री भिजत घाला, सकाळी तितकाच कोंडा मिसळून मळा आणि त्यात थोडी चिकणमाती घालून लाडवाएवढे गोळे करा. मातीमुळे गोळा तळाशी बसतो आणि हळूहळू सुटतो. नुसत्या पेंडीचा गोळा चिलापी वरच्या वर फोडून संपवते. दुसरा मार्ग म्हणजे प्लास्टिकच्या गोणीला बारीक भोकं पाडून, त्यात हेच मिश्रण भरून, रोवलेल्या बांबूला बांधून पाण्यात सोडायची. मासा ढुशा मारून चारा काढतो, वाया कमी जातो, आणि बांबू दिसत असल्याने पाग नेमका कुठे मारायचा हेही कळतं.

चिलापी आधी येणारच, ती अधाशी असते आणि साचलेल्या पाण्यात अंडी घालून वाढत राहते. मोठा मासा हवा असेल तर पागाचा आस (जाळ्याचं भोक) मोठा घ्या, बोटभर चिलापी गळून जाईल.

देवगडचा_दर्या:
कांडाळीला चाऱ्याचा काही उपयोग नाही, उगाच पेंड फुकट घालवू नका. कांडाळीत मासा अडकतो तो चालताना. चाऱ्यावर उभा राहिलेला मासा जाळ्याकडे जाईलच कशाला?

तळेकरीण:
चारा जाळ्याच्या अगदी बुडाशी टाकला तर तुमचं म्हणणं खरं. पण चारा काठाजवळ घाला आणि कांडाळ खोल पाणी व चारा यांच्या मधे, काठाला समांतर लावा. मासा खोलातून चरायला येतो आणि परत खोलात जातो, दोन्ही वेळा त्याला जाळं ओलांडावं लागतं. शिवाय पावसाळा सरल्यावर आपल्याकडचं तळ्याचं पाणी नितळ होतं, दिवसा माशाला जाळं दिसतं. म्हणून दिवस मावळताना लावा, पहाटे उचला.

कातळवाडीकर:
हे मी करून बघेनच. आमची कांडाळ आजवर आम्ही बांधापासून सरळ तळ्याच्या मधे नेत होतो. चारा जास्त झाला तर काही बिघडतं का?

तळेकरीण:
हो, आणि उन्हाळ्यात फार बिघडतं. न खाल्लेली पेंड तळाशी कुजते आणि पाण्यातला प्राणवायू खाते. पाणी आधीच उतरलेलं, त्यात मे महिन्यातलं ढगाळ, कोंदट हवामान आलं की पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. असं दिसलं तर त्या दिवशी चारा पूर्ण बंद. एरवीही आदल्या दिवशीचा चारा उरला आहे का ते गोणी उचलून बघा, उरला असेल तर नवा घालू नका.

पागेरवालो:
गेळफळाक हातय लावू नकात. ता चारो नाय, वीख आसा. मोठो मासो हाती लागात, पण बारीक पोरां, झिंगे सगळे मरतले. नि ज्या पाण्यार गुरां जातत थय तर नायच नाय.

तळेकरीण:
कायद्यानेही बंदी आहे. माशांसाठी पाण्यात विष घालणं आणि स्फोटकं वापरणं १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमापासून गुन्हा आहे. काकांना समजावून सांगा. कटला, रोहू, मृगळ तळ्याच्या साचलेल्या पाण्यात वीण घालत नाहीत, म्हणजे एकदा तळं मारलं की पुन्हा सगळं बीज विकतच आणावं लागेल.

चिपळूणचा_पाहुणा:
एक भर. मटणाची आतडी, कोंबडीची पिसं वगैरे चारा म्हणून टाकू नका. मांस खाणारा मरळ मासा येईल, पण पाणी नासेल. आणि नदीला जोडलेलं तळं असेल तर आधी मगरीची चौकशी करा. आमच्या वाशिष्ठीत मगरी आहेत, म्हणून संध्याकाळी कंबरभर पाण्यात उतरून पाग मारायला मी कुणालाच सांगणार नाही.

कातळवाडीकर:
तलाव कातळावर आहे, नदीला जोडलेला नाही, मगर कुणी पाहिलेली नाही. तरी पाग काठावरूनच मारू. पेंड कुठून घ्यावी? बाजारातली चालेल?

पागेरवालो:
घाण्यावरची ताजी घेवा. वास घेवन बघा, कुबट वास इलो नायतर हिरवी बुरशी दिसली तर परत करा. बुरशीच्या पेंडीत वीख तयार होता, माशाक बाधता. नि एकदम पोतीभर घेव नकात, पावसाळी हवेत ती लवकर बुरसता.