जुनी थंडरबर्ड 350 घेताना नेमके काय तपासावे? (2014 ची गाडी, चिपळूण)

सह्यवाट, पुणे
नमस्कार. गेली अनेक वर्षे मी 125 सीसीची गाडी वापरतो आहे. मुलगी आता शिक्षणासाठी बाहेरगावी गेली असल्याने, पत्नीला बरोबर घेऊन किनाऱ्याच्या रस्त्याने सावकाश गोकर्णपर्यंत जावे, आणि पुढेही वर्षातून दोन-तीन मोठे प्रवास करावेत, असा आमचा विचार आहे. नव्या गाडीइतके पैसे बाजूला काढता येणार नाहीत, म्हणून जुनी रॉयल एनफील्ड थंडरबर्ड 350 शोधत होतो. वीस लिटरची टाकी, मागे बसणाऱ्याला पाठीचा आधार आणि ताठ बसता येईल असे हँडल, या तीन गोष्टींमुळे हीच गाडी मनात भरली आहे.

चिपळूणमध्ये 2014 ची एक गाडी मिळते आहे. मालक एकच, मीटरवर 21 हजार किलोमीटर, आणि किंमत 75 हजार सांगितली आहे. छायाचित्रांत गाडी अगदी स्वच्छ दिसते. येत्या रविवारी पाहायला जाणार आहे. मला यंत्रातले फारसे कळत नाही, त्यामुळे तिथे उभे राहून, हत्यारांशिवाय, मला काय काय पाहता येईल, हे कृपया सविस्तर सांगावे.

घाटवाट, कराड
अकरा वर्षांत 21 हजार, म्हणजे वर्षाला दोन हजारांहूनही कमी. विकणारा हा आकडा गुण म्हणून सांगेल. मला मात्र सर्वांत आधी त्याच आकड्याची काळजी वाटते. लांबच्या प्रवासासाठी गाडी घेताना, वेळेवर तेल बदललेली 60 हजार किलोमीटरची गाडी मी कोकणातल्या पडवीत ताडपत्रीखाली उभ्या राहिलेल्या 20 हजारांच्या गाडीपेक्षा केव्हाही आधी घेईन. उभ्या गाडीचे रबर कडक होते, टाकी आतून गंजते, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सुकून जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक छिद्रे, बुजतात, आणि खाऱ्या दमट हवेत वायरिंगच्या कपलरमध्ये, म्हणजे तारांच्या जोडांत, हिरवा गंज धरतो. यातले काहीही छायाचित्रात दिसत नाही.

तेव्हा मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की तुम्ही पोहोचेपर्यंत गाडी सुरू करू नये. गेल्यावर प्रथम इंजिनाला हात लावून ते थंड असल्याची खात्री करा, कारण गरम इंजिन अनेक दोष लपवते. मग सेल्फ मारा आणि कान देऊन ऐका. स्टार्टर फिरताना ‘खर्रर्र’ असा घसरल्यासारखा किंवा दात आपटल्यासारखा आवाज आला, तर स्प्रॅग क्लच, म्हणजे सेल्फची मोटर इंजिनाला जोडणारा भाग, झिजला आहे असे समजावे. कमजोर बॅटरीवर पुन्हा पुन्हा सेल्फ मारत राहिल्याने तो जातो, आणि त्याचा खर्च किरकोळ नसतो. या 346 सीसीच्या इंजिनात टॅपेट (झडपा उघडणारे भाग) हायड्रॉलिक आहेत, म्हणजे ते हाताने सैल-घट्ट करावे लागत नाहीत. त्यामुळे सुरुवातीची थोडी टकटक माफ आहे. पण दहा मिनिटे चालवून इंजिन तापल्यावरही ती कायम राहिली, तर ‘टॅपेट सेट केले की जाईल’ हे उत्तर स्वीकारू नका. सायलेन्सरमधून निळसर धूर येणे म्हणजे तेल जळणे. तो धूर उतारावर गाडी सोडून पुन्हा रेस दिल्यावर जास्त स्पष्ट दिसतो. इंजिनाच्या उजव्या बाजूला तेल पाहण्याची काच आहे. तेल काळे असले तरी चालेल, दुधट दिसले तर आत पाणी गेले आहे.

त्यानंतर गाडी मुख्य स्टँडवर घ्या, मागून कोणाला तरी दाबायला सांगून पुढचे चाक अधांतरी करा आणि हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत अगदी हळू फिरवा. मधोमध ते खाचेत बसल्यासारखे अडकत असेल, तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग, गेलेला आहे. तो बदलणे फार महाग नाही, परंतु तसाच ठेवला तर मागे माणूस आणि सामान असताना हँडल डुलते, आणि लांबच्या प्रवासात तुम्हाला नेमके तेच सोसणार नाही. मागचे चाक वर असताना ते धरून आडवे हलवून पाहा. खळखळ जाणवली तर चाकाचे बेअरिंग किंवा स्विंग आर्मचे (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश झिजले आहेत. चाके तारांची असल्यामुळे प्रत्येक तारेवर नाण्याने हलकेच टिचकी मारत जा. ज्या तारेचा नाद बोदा येईल, ती सैल आहे. मागच्या स्प्रॉकेटवरची चेन मागे ओढून पाहा. ती दातांपासून सुटून वर येत असेल, तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदम बदलण्याचा खर्च धरूनच भाव करा.

प्रवासासाठी वापरलेल्या गाडीत दोन जागा मी हटकून पाहतो. पहिली म्हणजे सामानाचे स्टँड जिथे चौकटीला जोडलेले असते तो मागचा भाग. तिथे नंतर केलेले वेल्डिंग दिसले, तर जास्त वजनाने ती जागा एकदा तुटून झाली आहे. दुसरी जागा म्हणजे जादा दिवे बसवण्यासाठी कापलेली वायरिंग. टेप गुंडाळलेले जोड जितके जास्त, तितक्या रात्री रस्त्यात अडकण्याच्या शक्यता जास्त, असा माझा अनुभव आहे.

टायरच्या नक्षीवर जाऊ नका. बाजूला लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात. 2318 असे असेल, तर तो टायर 2018 च्या 23 व्या आठवड्यातला आहे. नक्षी कितीही शाबूत असली, तरी इतक्या जुन्या टायरवर पत्नीला बसवून घाट उतरू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. शिवाय 21 हजार किलोमीटरच्या गाडीत ब्रेक पॅडलचे आणि पायटेकूचे रबर गुळगुळीत झालेले असेल, तर मीटरवरच्या आकड्याविषयीही प्रश्न विचारा.

चालवून पाहायची तर बाजारपेठेत एक फेरी मारून समाधान मानू नका. मालकाला मागे बसवा आणि पोफळीवरून कुंभार्ली घाट थोडा चढा. तिसऱ्या गियरमध्ये रेस वाढते पण गाडी तेवढी ओढत नाही, असे झाले तर क्लच प्लेट संपल्या आहेत. उतरताना पुढचा ब्रेक दाबल्यावर लिव्हर बोटांखाली थरथरत असेल, तर डिस्क वाकडी झाली आहे. डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो, तोही पाहून घ्या.

दस्तऐवज, ठाणे
यंत्राविषयी वर सारे नेमके आले आहे. मी केवळ कागदांविषयी लिहितो, कारण तिथे मी स्वतः फसलो होतो. सहा वर्षांपूर्वी घेतलेल्या एका गाडीवरचे कर्ज फिटले होते, पण आरसीवरचा बोजा उतरवलेला नव्हता. कर्ज देणाऱ्या संस्थेची ती शाखाच बंद झाली होती, आणि ना-हरकत पत्र आणि नमुना 35 (बोजा उतरवण्याचा अर्ज) मिळवण्यात माझे पाच महिने गेले. म्हणून बोजा आहे का, हे पैसे देण्यापूर्वी परिवहन संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक घालून पाहा, त्याच वेळी थकलेले ई-चलानही पाहा, आणि चौकटीवर ठोकलेला चॅसी क्रमांक आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा. तो खरवडलेला किंवा त्यावर ताजा रंग असेल, तर पुढे बोलूच नये.

नमुना 29 आणि 30 (गाडी नावावर करण्याचे अर्ज) वर सह्या घेऊन ते घरात ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. तसे करू नका. विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचे असते. अपघात झाल्यास, नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच भरपाईच्या दाव्यात मालक धरला जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे, त्यामुळे हस्तांतरण लवकर होणे विकणाऱ्याच्याही हिताचे आहे. त्यालाही हे समजावून सांगा. गाडीबरोबर विमा तुमच्या नावावर करून घेता येतो, परंतु आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. गाडी 1 एप्रिल 2019 पूर्वीची असल्यामुळे उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवली आहे का, हेही विचारा, नाहीतर हस्तांतरणाचे काम अडेल. 2014 ची नोंदणी 2029 मध्ये संपेल. त्यानंतर गाडीची तपासणी, नूतनीकरणाचे शुल्क आणि पर्यावरण कर आहेत, हे किंमत ठरवताना मनात असू द्या.

सुटेभाग, पुणे
एक-दोन गोष्टी जोडतो. थंडरबर्डचे उत्पादन 2020 मध्ये थांबले, म्हणून काहीजण घाबरवतात. इंजिनाचे बहुतेक भाग त्या काळच्या क्लासिक 350 शी मिळतेजुळते असल्याने त्यांची चिंता नको. नाना पेठेत ते सहज मिळतात. टाकी, मागचा दिवा, मीटरचा संच, पुढचा प्रोजेक्टर दिवा हे भाग मात्र या गाडीचे वेगळे आहेत, आणि ते फुटलेले असतील तर शोधत फिरावे लागते. म्हणून इंजिनाइतकेच लक्ष तिथे द्या.

पंपावर आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि 2014 ची गाडी त्यासाठी बनवलेली नाही. गाडी घेतल्यावर पेट्रोलची नळी आणि कार्ब्युरेटरमधले रबरी भाग एकदा बदलून घ्या, आणि पावसाळ्यात गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवा. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते.

घाटवाट यांनी एक मुद्दा राहू दिला, आणि गाव चिपळूण असल्यामुळे तोच मला मोठा वाटतो. 22 जुलै 2021 च्या पुरात ही गाडी कुठे होती, हे स्पष्ट विचारा. 2019 च्या ऑगस्टनंतर सांगली-कोल्हापूरकडच्या अनेक गाड्या धुऊन, पॉलिश करून बाहेर विकल्या गेल्या, त्यातल्या दोन माझ्या ओळखीच्या मेकॅनिककडे आल्या होत्या. धुतलेल्या गाडीतही पुराचा गाळ काही ठिकाणी राहतोच: पुढच्या दिव्याच्या वाटीत, आसनाखाली पत्र्याच्या घडीत, टाकीखालच्या कपलरमध्ये आणि हँडलवरच्या स्विचच्या आत. तो बारीक, साबणासारखा आणि सुकल्यावर फिकट तपकिरी असतो. रस्त्याच्या धुळीत खडे असतात, त्यात नसतात.

सह्यवाट, पुणे
सर्वांचे मनापासून आभार. काल जाऊन आलो. इंजिन थंड होते, सेल्फ व्यवस्थित लागला, धूर नाही, कोनसेट चांगला. टायरवर 0914 आणि 1014 असे आकडे होते, म्हणजे गाडीबरोबर आलेलेच टायर. आसन काढल्यावर घडीत तुम्ही वर्णन केला तसाच मऊ गाळ हाताला लागला. मी शांतपणे विचारले, तेव्हा मालकांनी लगेच मान्य केले की 2021 मध्ये गाडी जवळजवळ आसनापर्यंत पाण्यात होती. त्यानंतर इंजिन उघडून साफ केल्याचे गॅरेजचे बिल त्यांनी दाखवले, वायरिंगला मात्र हात लावलेला नाही. माणूस प्रामाणिक वाटला, आणि ते 55 हजारांपर्यंत यायला तयार आहेत. यावर आपले मत काय?

घाटवाट, कराड
माणूस सरळ आहे, याचे मोल आहे, आणि इंजिन उघडून साफ झाले असेल तर त्याची मला फार भीती वाटत नाही. बिलावर बेअरिंग बदलल्याची नोंद आहे का, तेवढे पाहा. खरा प्रश्न वायरिंगचा आहे. बॅटरीवर मीटर लावून, रेस दिल्यावर 14 व्होल्टच्या आसपास दाब येतो का, हे कोणत्याही गॅरेजमध्ये पाच मिनिटांत तपासता येते. तो कमी-जास्त होत असेल तर आरआर युनिट, म्हणजे बॅटरीकडे जाणारा विजेचा दाब आवरणारा भाग, किंवा त्याचे कपलर खराब आहे. पूर्ण वायरिंग संच, दोन टायर, दोन ट्यूब, चाकांची बेअरिंग, ब्रेकचे मास्टर सिलिंडर उघडून नवे तेल आणि रबरी नळ्या, हा सगळा खर्च आधी तुमच्या ओळखीच्या मेकॅनिककडून कागदावर लिहून घ्या. 55 हजारांत तो मिळवल्यावर बेरीज जर कोरड्या गावातल्या, नीट चाललेल्या गाडीच्या भावाला पोहोचत असेल, तर मी ही गाडी सोडून साताऱ्याकडे किंवा नगरकडे शोधेन. घेतलीच, तर पहिले दोन हजार किलोमीटर एकट्याने आणि घराजवळच चालवा, आणि पत्नीला घेऊन गोकर्णला निघणे दिवाळीनंतर ठेवा.