हेन्री येस्लर यांना सिएटलचे संस्थापक म्हणावे का?

प्रश्न (नौपाडा, ठाणे):
आमच्या आजोबांची ठाण्यात लाकडाची वखार होती, त्यामुळे या धंद्यातल्या माणसांची चरित्रे मी आवर्जून वाचतो. अमेरिकेतील सिएटलच्या संस्थापकांत हेन्री येस्लर यांचे नाव घेतात. पण 1852 मध्ये ते तेथे पोहोचले, तेव्हा डेनी, बोरेन आणि मेनार्ड या आधी आलेल्या वसाहतकारांनी जमिनी आधीच धरल्या होत्या. मग मागाहून आलेल्या गिरणीवाल्याला हा मान का मिळावा?

उत्तर (कोपरी, ठाणे):
जमीन धरल्याने गाव वसत नाही. हाताला काम मिळाले की वसते. येस्लर मूळचे सुतार आणि गिरण्या उभारणारे कारागीर. त्यांनी येथेच थांबावे म्हणून बोरेन आणि मेनार्ड यांनी आपापल्या हद्दी मागे घेतल्या आणि किनाऱ्यापासून टेकडीवरच्या जंगलापर्यंत जाणारी चिंचोळी पट्टी त्यांना मोकळी करून दिली. 1853 च्या मार्चअखेरीस, म्हणजे बोरीबंदरहून आपल्या ठाण्याला पहिली गाडी येण्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी, प्युजेट साउंडच्या, म्हणजे सिएटल ज्या खाडीवर वसले तिच्या, किनाऱ्यावरची वाफेवर चालणारी पहिली लाकूड गिरणी तेथे सुरू झाली. उतारावर आडवे वासे टाकून, त्यांना चरबी चोपडून, बैलजोड्यांनी ओंडके खाली ओढत आणत आणि कापलेले लाकूड जहाजाने सॅन फ्रान्सिस्कोला जाई. उरलेल्या भुशाने आणि फळकुटांनी किनाऱ्याची दलदल बुजत गेली. गिरणीचे स्वयंपाकघर हीच गावाची सभागृहाची जागा होती, तेथे न्यायालयही भरे. त्या ओंडक्यांच्या वाटेला आज येस्लर वे म्हणतात.

उत्तर (बेलापूर, नवी मुंबई):
वरील माहिती योग्य आहे, पण ती अपुरी वाटते. त्या गिरणीत दुवामिश, म्हणजे तेथले मूळनिवासी लोकही राबत होते आणि ज्या किनाऱ्यावर ती उभी राहिली, तो त्यांचाच होता. 1855 च्या तहाने तो त्यांच्या हातून गेला आणि शहराला मात्र त्यांच्या प्रमुखाचे नाव राहिले. आम्ही गावठाणातली माणसे, आमच्या शेतांवर आणि मिठागरांवर शहर उभे राहिलेले आम्ही पाहिले आहे. म्हणून येस्लर यांना मी शहर उभारणारे पहिले उद्योजक म्हणेन. संस्थापक हा शब्द मला जड वाटतो.

प्रश्नकर्ता:
आपला आक्षेप मला पटतो. उत्तरायुष्यात येस्लर यांचा पैसा गिरणीपेक्षा जागांमध्येच अधिक गुंतला आणि ते दोनदा महापौरही झाले. 6 जून 1889 च्या आगीत लाकडी बाजारपेठ जळाली, तेव्हा ते जवळपास ऐंशीचे होते. तरीही त्यांनी पुन्हा बांधकाम काढले, या वेळी विटा आणि दगडांचे. त्यांची पायोनियर बिल्डिंग 1892 मध्ये पूर्ण झाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते वारले.