वी, मूव्ह की कायनेक्ट? आईसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आईला खुर्चीत बसून टीव्हीवर बोलिंग (चेंडू घरंगळवून पिना पाडायचा खेळ) खेळता यावं म्हणून जुना कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र, घ्यायचाय. निन्टेंडोचा वी २००६चा, पण त्यात चेंडू टाकताना बटण दाबून धरावं लागतं आणि आईची बोटं संधिवातानं आखडलीत. २०१०मध्ये सोनीनं प्लेस्टेशन कन्सोलसाठी आणलेला मूव्ह कंट्रोलरही हातात धरायचाच, टोकाला चमकता गोळा असलेला. म्हणून मन मायक्रोसॉफ्टच्या कायनेक्टकडे ओढतंय, तो कॅमेऱ्यानं शरीराच्या हालचाली टिपतो, हातात काहीच नको! पण त्याला साधारण ६ फूट अंतर लागतं आणि आमचा हॉल चिंचोळा. बसलेलं माणूस तो नीट ओळखतो का? घरातल्या वयस्करांसाठी कुणी वापरलाय का? कायनेक्ट ज्याला जोडतात त्या मायक्रोसॉफ्टच्या कन्सोलला, म्हणजे जुन्या एक्सबॉक्स ३६०ला, कायनेक्टसाठी वेगळा पॉवर अडॅप्टर लागतो, तो आता सुटा मिळतो का, तेही कृपया सांगा.