मदत हवी आहे: दोन प्लगच्या इंजिनाला सीडीआय काढून दुसरं इग्निशन बसवलं, आता डबा तापून गाडी बंद पडते

नमस्कार मंडळी,

एक सिलिंडर, दोन व्हॉल्व्ह, दोन प्लग, कार्ब्युरेटर. मूळ वायरिंगमध्ये एक सीडीआय (कपॅसिटरमधून ठिणगी देणारा इग्निशनचा डबा) आणि त्यातून निघणाऱ्या दोन वायरींवर दोन वेगळ्या कॉईल, प्रत्येकीला एक प्लग. सीडीआय गेला. तसाच दुसरा लावला असता तर विषय तिथेच मिटला असता, पण हात शिवशिवत होते. म्हणून लॅपटॉपवरून टायमिंग बदलता येणारा, बॅटरीवर चालणारा इग्निशनचा डबा बसवला. त्याला कॉईलसाठी एकच वायर आहे, म्हणून दोन्ही जुन्या कॉईल त्या एकाच वायरीला जोडल्या.

पहिल्या किकला चालू. आयडलिंग तर आधीपेक्षाही गोड. पण पंधरा-वीस मिनिटं पळवली की सहा हजार आरपीएमच्या वर मिसिंग सुरू होतं, मग कुठल्याही रेसला, मग बंदच. डब्यावर बोट टेकवत नाही. अर्धा तास उभी ठेवली की जणू काही झालंच नाही अशी पुन्हा चालू.

मोजमाप केलंय ते असं. प्रत्येक कॉईलची प्रायमरी (डब्याला जोडलेली गुंडाळी) ०.४ ओहम (मीटरची टोकं एकमेकांना लावल्यावर दिसणारे ०.२ वजा करून). प्लगवरच्या दोन्ही कॅप ५ हजार ओहमच्या आसपास. चार्जिंग १३.८ व्होल्ट. फ्यूज १० अँपिअरचा, तो एकदाही उडाला नाही. डब्यात कॉईल भरण्याचा वेळ, म्हणजे ड्वेल, ४ मिलिसेकंद ठेवलाय. एक कॉईल काढून एकाच प्लगवर चालवून पाहिली, तर बंद पडायला दहा मिनिटं जास्त लागली.

अ‍ॅडव्हान्सचा (पिस्टन वर पोचण्याआधी किती अंश ठिणगी द्यायची, त्याचा) तक्ता एका प्लगच्या तशाच इंजिनाचा उचलला: १४०० आरपीएमला १० अंश, ४००० पासून पुढे ३४. आणखी एक त्रास, चढावर पूर्ण थ्रॉटल दिलं की डबीत खडे हलवल्यासारखा आवाज येतो. तो याच्याशी संबंधित आहे का?

डब्याला हीटसिंक लावू का? की डबाच खराब निघाला?

प्रतिसाद

हीटसिंक नको आणि डब्यालाही दोष देऊ नका. तुम्ही कॉईल चुकीच्या जातीची लावली आहे.

सीडीआयमध्ये ऊर्जा डब्यातल्या कपॅसिटरमध्ये साठते. तो दोन-तीनशे व्होल्टला भरतो आणि ठिणगीच्या वेळी कॉईलमध्ये एकदम रिकामा होतो. तिथे कॉईलचं काम फक्त व्होल्टेज वाढवायचं, म्हणून तिची प्रायमरी अर्धा ओहम असली तरी चालते. तुमच्या नव्या डब्यात कपॅसिटर नाही. तो कॉईलमधून करंट वाहू देतो आणि ऐन वेळी तोडतो. ऊर्जा साठते ती कॉईलमध्ये, आणि करंटला आवर घालायचा तो प्रायमरीच्या ओहमने. ३ ओहमची कॉईल असती तर १३.८ भागिले ३, साडेचार अँपिअरवर जाऊन करंट थांबला असता. तुमच्या दोन कॉईल समांतर, म्हणजे ०.२ ओहम. भागाकार तुम्हीच करा. डबा जळला नाही, म्हणजे आत करंट रोखणारं सर्किट असावं, आणि तो सगळा ताण उष्णता म्हणून अंगावर घेतोय.

आता रेसचं. पिकअप (ठिणगीची वेळ सांगणारा सेन्सर) क्रँकवर, म्हणजे ठिणगी दर फेऱ्याला. १४०० ला एक फेरा सुमारे ४३ मिलिसेकंदांचा, त्यात ४ म्हणजे किरकोळ. ८००० ला फेरा साडेसातचा, त्यातले ४ करंट चालूच. म्हणून आयडलिंग गोड आणि वर गेलं की रड. फ्यूज का उडाला नाही, तर तो सरासरीवर तापतो.

३ ओहमच्या आसपासची, दोन टोकांची (दोन्ही प्लगना एकदम ठिणगी देणारी) एकच कॉईल लावा. ड्वेल ३ वर आणा.

धागाकर्ता

डोक्यात प्रकाश पडला. पण दोन टोकांच्या कॉईलमध्ये एक प्लग गेला की दुसराही जाणार ना? विमानाच्या पिस्टन इंजिनांना दोन मॅग्नेटो (स्वतःच वीज बनवून ठिणगी देणारी यंत्रं) देतात ते याचसाठी. आत्ता एक कॅप निघाली तरी मी घरी पोचतो.

प्रतिसाद

शंका रास्त आहे. दोन वेगळ्या कॉईल हव्याच असतील तर दोन आउटपुटचा डबा घ्या. इंडक्टिव्हच्या, म्हणजे कॉईलमध्येच ऊर्जा साठवणाऱ्या पद्धतीच्या, दोन ३ ओहमच्या कॉईल एकाच वायरीवर समांतर लावल्या तर दीड ओहम होतात, तेवढा करंट पेलतो का ते डब्याच्या माहितीपत्रकात बघा. सिरीजमध्ये लावाल तर ६ ओहम, ठिणगी मरतुकडी.

आणि तो खड्यांचा आवाज नॉकिंगचा (मिश्रण आपोआप भडकून बसणाऱ्या ठोक्यांचा) आहे, आधी ते थांबवा. कॉईल तापण्याशी त्याचा संबंध नाही. दोन बाजूंनी पेट घेतला की ज्वालेला निम्मंच अंतर कापायचं असतं, मिश्रण लवकर जळून होतं, म्हणून ठिणगी उशिरा द्यावी लागते. बीएमडब्ल्यूच्या जुन्या एअरकूल्ड बॉक्सर इंजिनांना दुसरा प्लग बसवणारे लोक कमाल अ‍ॅडव्हान्स साधारण ६ अंशांनी उतरवतात. तुम्ही ३४ वरून २८ ला या. पिस्टनला भोक पडल्यावर तक्ता सुधारून काय उपयोग?

धागाकर्ता

दोन टोकांची कॉईल आणली, प्रायमरी ३.२ ओहम. बसवली आणि एक तास घाम फुटला. दोन्ही प्लग काढले, एक हेडवर टेकवला, दुसरा कॅपसकट लोंबकळत होता. किक मारली, ठिणगी नाही. पुन्हा मारली, नाही. कॉईल मेलेली आहे असं ठरवून पॅक करायला घेतली होती.

प्रतिसाद

दुसऱ्या प्लगची बॉडी टेकलेली नव्हती ना! करंट एका प्लगमधून हेडमध्ये उतरतो आणि दुसऱ्यातून कॉईलकडे परत जातो. एक लोंबकळला की सर्किटच तुटलं. तसं पुन्हा करू नका, बाहेर जागा मिळाली नाही की ठिणगी कॉईलच्या आतलं इन्सुलेशन फोडते.

धागाकर्ता

दोन्ही हेडला दाबून धरले, दोन्हींवर निळी ठिणगी. काल सलग दीड तास चालवली, मधे तीनदा ९००० पर्यंत. डबा कोमट. २८ अंशांवर तोच चढ, तोच गिअर, खडे वाजले नाहीत, आणि ओढ कमी झाल्यासारखी अजिबात वाटत नाही.

एकच राहिलंय. या जोडणीत एका प्लगला ठिणगी उलट दिशेने जाते, म्हणजे त्याचा बाजूचा इलेक्ट्रोड जास्त झिजणार. माझे दोन्ही प्लग एकाच मापाचे आहेत. सफाईच्या वेळी आपसात बदलत राहिलो तर चालेल ना?

प्रतिसाद

चालेल. गॅप मात्र दर वेळी मोजा, आणि निघताना कोणता कुठला होता ते बॉडीवर खूण करून ठेवा, नाहीतर दोन सफायांनंतर तुम्हालाच आठवणार नाही.