मदत हवी आहे : पहिली बेस गिटार, ३४ इंची घ्यावी की छोटी? हातही दुखतो (नागपूर, बजेट २५ हजार)

नमस्कार मंडळी, जय भीम.

मी उत्तर नागपुरात राहते. आमचा भीमगीतांचा ग्रुप आहे. दोन गायक, हार्मोनियम, कीबोर्ड, ढोलक, ऑक्टोपॅड आणि कोरसला आम्ही तिघी. १४ एप्रिल आणि दसऱ्याचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, या दोन्हींच्या आगेमागे कार्यक्रमांची रांग असते. आजवर बेस कीबोर्डवाल्या दादांच्या डाव्या हातात होता. आता त्यांना दोन्ही हात सुरावटीला हवेत, म्हणून बेस गिटार माझ्याकडे आली. साधी अकूस्टिक गिटार मी बरीच वर्षं वाजवते, त्यामुळे सूर कुठे आहेत ते कळतं. पण हात ऐकत नाहीत.

सध्या ओळखीच्यांची चार तारांची ३४ इंची (म्हणजे तारेची वाजणारी लांबी ३४ इंच) बेस उसनी आणून सराव चालू आहे. आमचे मुख्य गायक बहुतेक काळी चार नाहीतर काळी एकमध्ये गातात, म्हणजे मोकळ्या तारांचा फारसा आधार नाही, सगळं दाबूनच वाजवावं लागतं. खालच्या फ्रेटवर, म्हणजे दांडीवर खुंट्यांजवळच्या घरांत, चार बोटं पसरली की मनगट पार दुमडतं आणि अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. रियाज संपला तरी ती जात नाही.

उजव्या हाताचं वेगळंच. तर्जनी आणि मध्यमा आळीपाळीने चालवते, पण मध्यमेचा सूर भरीव येतो आणि तर्जनीचा पिचका. तार बदलली की आधीची तार मागे घुमत राहते. घरी ते जाणवत नाही, मंडपातल्या मोठ्या स्पीकरवर मात्र सगळं गढूळ होतं आणि ढोलकवाले दादा माझ्याकडे बघतात.

आता खरेदी. ज्या दुकानात गेले तिथे सांगितलं, "मॅडम, तुमचे हात लहान, तुम्ही ३० इंचीच घ्या." ग्रुपमधला एक जण म्हणतो छोट्या बेसची जाड तार लोंबल्यासारखी वाजते, घेऊच नको. तिसरा म्हणतो घ्यायचीच तर पाच तारांची घे. २५ हजारांत गिटार, अँप सगळं बसवायचं आहे आणि हे पैसे ग्रुपच्या मानधनातून बाजूला काढलेले आहेत, म्हणून विचारपूर्वक खर्च करायचे आहेत. जाणकारांनी कृपया सांगा, हात दुखतो तो गिटारीच्या लांबीमुळे की माझ्या पद्धतीमुळे? आणि पैसे आधी कशावर घालू?

प्रतिसाद १

जय भीम ताई. घेण्याआधी मोजपट्टी लावून बघा. ३४ इंची बेसवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंत जवळपास १३ सेंटिमीटर भरतात. ३० इंचीवर साडेअकरा. तुमच्या अकूस्टिकवर हेच अंतर पावणेदहाच्या आसपास आहे. एका बोटाला एक फ्रेट ही गिटारची सवय तुम्ही तशीच्या तशी इकडे आणली आहे, कळ तिथून येते. छोट्या बेसवरही ती येईल, थोडी उशिरा येईल एवढंच.

उभा डबल बेस वाजवणारे खालच्या भागात चार बोटांत तीनच फ्रेटएवढं अंतर धरतात. पहिलं बोट, मधलं बोट, आणि अनामिका-करंगळी मिळून एक. फ्रान्झ सिमांडल या शिक्षकाच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. पाचव्या फ्रेटच्या वर गेलात की चार बोटांना चार फ्रेट खुशाल द्या. पाच ते आठ हे अंतर १० सेंटिमीटरच्या जरा वर आहे, म्हणजे जवळजवळ तुमच्या गिटारीएवढंच.

आता तुमचीच पट्टी घ्या. काळी चारचा सा सर्वांत जाड तारेवर चौथ्या फ्रेटला. पंचम पुढच्या तारेवर सहाव्याला, वरचा सा त्याच्या पुढच्या तारेवर सहाव्यालाच. सा पहिल्या बोटाने, बाकी दोन्ही करंगळीने, मधे ताण कुठेच नाही. काळी एकला हाच आकार एक तार पुढे सरकवा. तिथे खालचा पंचम हवा असेल तर तो त्याच चौथ्या फ्रेटवर, जाड तारेला. केहरव्याचं अर्धं काम एवढ्यात होतं.

आणखी एक करा. डावा अंगठा नेकपासून (गिटारीच्या दांडीपासून) पूर्ण सोडून चार-दोन सूर वाजवा, हाताच्या वजनाने तार मागे ओढून. किती कमी जोर पुरतो ते लगेच कळेल. बोट फ्रेटच्या पट्टीला अगदी चिकटून मागे ठेवायचं, दोन पट्ट्यांच्या मधोमध नाही. पट्टा रुंद घ्या आणि एवढा आखूड करा की बसल्यावर आणि उभं राहिल्यावर गिटार पोटापाशी एकाच उंचीवर राहील. नेकचं टोक खांद्याच्या दिशेने वर असू द्या, मनगट आपोआप सरळ होतं. मात्र बोटांना मुंग्या येत असतील किंवा रात्री हात दुखून जाग येत असेल तर सराव थांबवून आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

उजव्या हाताला दादरा द्या. सहा मात्रा, दोन बोटं. पहिली मात्रा तर्जनीवर पडली की चौथी आपसूक मध्यमेवर पडते, म्हणजे जोर दोन्ही बोटांना वाटून द्यावाच लागतो. मेट्रोनोम ६० वर, आवाज बारीक. तार छेडल्यावर बोट हवेत उडू देऊ नका, शेजारच्या जाड तारेवर टेकू द्या. अंगठा पिकअपवर (तारांखालच्या, त्यांचा कंप पकडणाऱ्या चुंबकी भागावर) रोवून ठेवत असाल तर तो मोकळा करा. सर्वांत जाड तार पहिली धरली तर दुसऱ्या तारेवर वाजवताना तो पहिलीवर टेकलेला, तिसरीवर गेलात की तोही एक तार खाली. घुमणाऱ्या तारा तोच गप्प करतो. बारीक तारांवर डाव्या हाताची रिकामी बोटं नुसती आडवी पडलेली राहू द्या, दाबायची नाहीत.

प्रतिसाद २

बोटांनीच वाजवायला हवं असं काही नाही. कॅरल के यांनी लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत असंख्य रेकॉर्डिंग पिकने (तार छेडायच्या चकतीने) वाजवली. तुमच्या ढोलकच्या धुममधून बेस वेगळा ऐकू येत नसेल तर एखाद्या गाण्याला पिक लावून बघा, ठोका स्पष्ट येतो.

प्रतिसाद ३

खरेदीबद्दल मी बोलतो. छोट्या बेसला नावं ठेवणाऱ्यांनी पॉल मॅकार्टनीची हॉफ्नर आठवावी, ती ३० इंचीच होती. लांबी कमी आणि सूर तोच म्हणजे ताण कमी, म्हणून तार सैल लागते हे खरं. जरा जाड तारांचा सेट घातला की बरंच सावरतं. पण ३० इंचीच्या तारा आपल्याकडे दुकानात पटकन मिळत नाहीत, मागवाव्या लागतात. ऐन एप्रिलमध्ये तार तुटली तर काय, याचा विचार करा. माझं मत, हाताची पद्धत सुधारून आठवडाभर ३४ वरच बघा. तरीही जड गेलं तर आयबानेझ टॅलमन टीएमबी ३० ही छोटी बेस हातात घेऊन बघण्यासारखी आहे. ३४ मध्ये यामाहा टीआरबीएक्स १७४, स्क्वायर अफिनिटी, आयबानेझची जीएसआर मालिका, यांतली जी हातात नीट बसेल ती. भाव सारखे हलतात, त्या दिवशीचा विचारून घ्या.

पिकअप दोन घराण्यांचे. फेंडरची प्रिसिजन १९५१ ची, तिचा आज दिसणारा दोन तुकड्यांचा पिकअप १९५७ पासूनचा. जॅझ बेस १९६० ची. प्रिसिजनचा आवाज जाड आणि मधोमध बसणारा, जॅझचा जास्त टोकदार. ढोलक आणि ऑक्टोपॅडच्या गर्दीत प्रिसिजनवाला पिकअप मला उजवा वाटतो. टीआरबीएक्स १७४ मध्ये दोन्ही प्रकार बसवलेले आहेत. नऊ व्होल्टची बॅटरी लागणारी अॅक्टिव्ह बेस घेतलीत तर वाजवून झाल्यावर गिटारीत वायर टोचून ठेवू नका, बॅटरी उतरत राहते.

पाच तारा आत्ता नकोत. चार तारांतली सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची, पाचवी ३१ ची. मंडपातले बरेच स्पीकर ४१ लाच थकतात.

अँपचं सांगतो ते नक्की ऐका. मोठा अँप घेऊ नका. घरी हेडफोन अँप किंवा छोटा सरावाचा अँप भरपूर झाला. कार्यक्रमात तुम्ही साउंडवाल्याच्या मिक्सरमध्येच जाणार, त्यासाठी एक डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करून देणारी डबी) स्वतःचा ठेवा. लांब वायरीत शिरणारी घरघर त्याने जाते. उरलेल्या पैशातून सेटअप (जाणत्याकडून वाद्य नीट जुळवून घेणं) आणि तारांचा एक जादा सेट.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. अंगठा सोडून वाजवून पाहिलं, खरंच एवढ्या जोराची गरज नव्हती. करंगळीला अनामिकेची साथ दिल्यावर कळही कमी आहे. दादरा मात्र ६० वरसुद्धा अवघड जातो आहे, सोडणार नाही.

एक नवीन प्रश्न. परवा तालमीला बेस साध्या गिटारच्या अँपमध्ये लावली होती आणि मी माईकवर कोरस गात होते. ओठ माईकला लागला की चांगलाच झटका बसला. तारांवरून हात काढला की घरघरही वाढते. वाद्य खराब आहे का?

प्रतिसाद ४

ताई, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तारांना हात लावल्यावर घरघर कमी होते, हे बहुतेक गिटारींत होतं, त्यात धोका नाही. जॅझ प्रकारच्या बेसवर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले तर ती आणखी घटते.

झटका मात्र हसण्यावारी नेऊ नका. तुमच्या हातात अँपचं अर्थिंग, ओठाला मिक्सरचं. दोन्हींत फरक पडला की करंट तुमच्यातून जातो. सॉकेटची अर्थिंग नुसती दिसायला असते, मागे तार जोडलेलीच नसते, किंवा कुणीतरी प्लगची तिसरी पिन तोडलेली असते. इलेक्ट्रिशियनला बोलावून बोर्ड तपासून घ्या, आणि अँप व मिक्सर एकाच अर्थिंगवाल्या बोर्डवर लावा. जनरेटरवर कार्यक्रम असेल तर अर्थिंगचा रॉड ठोकलाय का ते साउंडवाल्याला आधी विचारा, तो वैतागला तरी विचारा. माईकला फोमची टोपी घाला. हे होईपर्यंत गाताना बेस हातात धरू नका. आणि गिटारच्या अँपवर बेस मोठ्याने वाजवू नका, स्पीकर फाटतो.

धागाकर्ती

बोर्ड उघडला, अर्थची तार जोडलेलीच नव्हती. आता झटका नाही. टीआरबीएक्स १७४ आणि डीआय बॉक्स घ्यायचं जवळपास ठरलं आहे, हेडफोन अँप नंतर. आमच्या घरी एप्रिलपासून कूलर चालतो आणि माझा रियाज त्याच खोलीत होतो. लाकडाला काही होईल का?

प्रतिसाद ५

होईल ना ताई. कूलरसमोर उभी करून ठेवूच नका. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरची हवा पापडासारखी कोरडी आणि कूलरच्या खोलीत ओल, वाद्य दोन्हीकडे फिरत राह्यलं की नेक हलते. कोरड्यात फिंगरबोर्ड आकसून फ्रेटची टोकं बाहेर येतात, हात फिरवला की टोचतात. ओलीत तारा गंजतात. वाजवून झालं की सुती फडक्यानं तारा पुसायच्या, बॅगेत घालून आतल्या खोलीत ठेवायची. पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हातल्या गाडीत तर मुळीच नाही.

नेक बघायची असेल तर जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटला एकाच वेळी दाबा, सातव्या-आठव्यापाशी तारेखाली किती फट आहे ते बघा. साधं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं तर ठीक. फट फारच मोठी असली, नाहीतर अजिबात नसली, तर ट्रस रॉडचं (नेकच्या आतल्या, तिचा बाक सांभाळणाऱ्या सळईचं) काम आहे. पाना बरोबर मापाचाच पाहिजे आणि एका वेळी पाव फेराच. नेक काही तास बसू द्यायची, मग पुन्हा मोजायचं. पहिल्यांदा जाणत्याकडून करून घ्या अन् शेजारी उभं राहून बघा. एप्रिलचे कार्यक्रम संपले की एकदा अन् पावसाळा लागला की एकदा. बारावा फ्रेट दाबून आणि त्याच जागी हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून येणारा सूर) वाजवून ट्यूनरवर सूर जुळतो का, तेही त्याच वेळी तपासायला सांगा. दाबलेला सूर चढा दिसला तर ब्रिजवरचा सॅडल (तार जिथं टेकते तो तुकडा) मागं घ्यावा लागतो.