मदत हवी आहे: तंबोऱ्याची तार मधोमध छेडली तरी वरचा सा का उरतो?

मंडळी, बारावीतल्या भाचीला तरंगांचं अध्यारोपण (एकमेकांत मिसळणं) शिकवतोय. पुस्तकातलं गणित सुटतं, घरातला तंबोरा मात्र जुमानत नाही.

दोन्ही टोकांना बांधलेल्या तारेवर उलटसुलट धावणारे तरंग मिसळून स्थिर तरंग होतात, इथवर ठीक. तार बरोबर मध्यावर ओढून सोडली, तर ज्यांचा निस्पंद (न हलणारा बिंदू) तिथे पडतो ते हार्मोनिक (मूळ कंपनसंख्येच्या पटीतले स्वर; इथे दुसरा, चौथा, सहावा...) उठायलाच नकोत. उरतात फक्त विषम, त्यांचे आयाम १, १/९, १/२५ असे उतरत जाणारे. या सगळ्यांचा प्रस्पंद (सर्वात जास्त हलणारा बिंदू) नेमका मध्यावर. म्हणजे क्षणभराने तिथेच बोट टेकवलं की तार गप्प व्हायला हवी. गिटारवर बाराव्या पडद्यापाशी करून पाहिलं, होते गप्प.

तंबोऱ्यावर जोडीच्या तारेला तेच केलं तर वरचा सा, म्हणजे दुसरा हार्मोनिक, चांगला गुंजत राहतो! घोडीवर तारेखाली सरकवलेला जवारीचा दोरा काढला की तो जवळजवळ नाहीसा. मग अध्यारोपणाचा नियम इथे लागूच नाही का? (मध्य पट्टीने मोजलाय, तेव्हा 'नीट मोजा' हे उत्तर कृपया नको.)

प्रतिसाद:
तुमचं मोजमाप ठीकच आहे. तंबोरा आणि वीणा यंग-हेल्महोल्ट्झचा नियम (छेडलेल्या जागी ज्याचा निस्पंद, तो हार्मोनिक उठत नाही) पाळत नाहीत, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१मध्येच मांडलं होतं. तो नियम तारेचं टोक पक्कं धरतो. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित गोलाईची असते. दोऱ्यामुळे तार तिला जेमतेम चाटून जाते. कंप पावताना ती घोडीवर टेकते, सुटते, आणि कंपणारी लांबी दर आंदोलनात बदलत राहते. त्यामुळे हार्मोनिक एकमेकांपासून स्वतंत्र राहत नाहीत, एकाची ऊर्जा दुसऱ्याकडे जाते. मधल्या मोकळ्या तारेत अध्यारोपण चालूच असतं, गडबड होते ती घोडीपाशी. दोरा थोडाथोडा सरकवत हाच प्रयोग करा, वरचा सा कमीजास्त होताना कळेल.

धागाकर्ता:
हे पटलं, धन्यवाद. पण परीक्षेत तिने काय लिहायचं?

प्रतिसाद:
परीक्षेत टोकं पक्की! सोनोमीटरच्या (प्रयोगशाळेतल्या ताणलेल्या तारेच्या उपकरणाच्या) तारेला तेच लागू पडतं, आणि मार्कही त्यालाच आहेत.